चार बोटं खाली

आमच्या इमारतीचा इतिहास कुणी लिहायला घेतलाच, तर त्यात माझं नाव येणार नाही आणि ते योग्यच होईल. मी तिथला लिफ्टमन. तरुणपणी चिकटलो तो केस पिकेपर्यंत वरखाली करत राहिलो. बढती म्हणाल तर रोज पाचव्या मजल्यापर्यंत व्हायची, आणि लगेच परत खाली.

इमारत बांधली एका कापूसवाल्या शेठनं. तो बुडाला, मग विमा कंपनी आली, ती गेल्यावर वकील आले, आणि आता निम्म्या मजल्यांवर प्लायवूडच्या खोपट्यांत कॉम्प्युटरवाली मंडळी बसतात. लिफ्ट मात्र शेठच्या वेळचीच होती, जाळीच्या दाराची आणि पितळी दांड्याची. दांडा नेमक्या वेळी सोडला की ती मजल्याला बरोबर लागते म्हणे. मला ते उभ्या जन्मात जमलं नाही. माझी लिफ्ट कायम चार बोटं खाली थांबायची. मग मी रुबाबात सांगायचो, "पाय उचला." जणू तो इमारतीचा नियमच होता.

शेवटी मॅनेजरसाहेबांनी बटणांची लिफ्ट बसवली आणि मला मोकळं करायचं ठरलं. घरी मी फुशारकी मारली, की माझ्यावाचून तिथं सगळ्यांचा खोळंबा होईल. बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुमच्यावाचून कुणाचं काही अडायचं नाही." हे मला फार लागलं, कारण मलाही तीच भीती होती.

नवी लिफ्ट सुरू झाली त्या सकाळी मी पाचव्या मजल्यावर स्टूल टाकून बसलो. ती बंद पडावी म्हणून मनातल्या मनात देवाला साकडं घातलं होतं. पण मेली अगदी फरशीला फरशी लावून थांबली. दार आपोआप उघडलं. वकीलसाहेब बाहेर आले ते गुडघा वर घेऊन, आणि नसलेल्या पायरीवरून त्यांचा पाय धपकन खाली आला. मागून टायपिस्टबाई आल्या, त्यांचंही तेच. सर्वांत उंच पाय उचलला मॅनेजरसाहेबांनी. मला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले.

साहेब फरशीकडे बघत म्हणाले, "काका, चांगली सवय लावून ठेवलीत."

बायकोला हे कधी सांगतो असं झालं मला. एकटाच लिफ्टमध्ये शिरलो आणि बटण दाबलं. तळमजल्यावर दार उघडलं तेव्हा रिकाम्या लिफ्टला मी सांगितलं, "पाय उचला," आणि उचलला.