दुफीच्या दुकानातली लाल चिंधी

कुमासी शहरात माणूस गेला की आधी सुतकाचं कापड, मग पुस्तिका. गेलेल्याचे फोटो, नातेवाइकांची नावं, प्रत्येकाची श्रद्धांजली, सगळं तिच्यात. ती देखणी झाली नाही तर पाहुणे वर्षभर नाकं मुरडतात. आसाफो बाजारातली दुफी अशा पुस्तिका करते, आणि छातीठोकपणे सांगावं, तिच्यासारखी बाई तिथे दुसरी नाही.

दुफी साध्या एडिटरमध्ये मजकूर टाइप करते. तिचा भागीदार आन्त्वी तीच फाइल पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो. दोघांनी एकदम उघडली की झालाच घोळ: जो शेवटी सेव्ह करेल त्याचंच राहतं, दुसऱ्याची मेहनत पाण्यात. एकदा एका गृहस्थाच्या सगळ्या मुली अशाच पुस्तिकेतून गायब झाल्या आणि दुकानात मारामारी व्हायचीच बाकी राहिली. तेव्हापासून दुफीने मधल्या दारावर खिळा ठोकून लाल चिंधी टांगली. फाइल ज्याच्याकडे, चिंधी त्याच्या मनगटावर.

"ताई, हे कम्प्युटरचं दुकान की देवऋष्याचं?" आन्त्वी हसला होता. पण घोळ थांबले तसा गप बसला.

त्या गुरुवारी चिंधी आन्त्वीच्या मनगटावर होती आणि दारात येबोआकाका आले. ज्याची पुस्तिका चालली होती त्या गेलेल्या माणसाचे थोरले भाऊ, घराण्याचे प्रमुख, अंगावर सुतकाचं लाल-काळं कापड. सुतक त्यांच्या घरचं. त्यांच्याशी हात मिळवताना आपल्या मनगटावर लाल कसं चालेल? त्यांना थट्टाच वाटायची. आन्त्वीने घाईघाईने चिंधी सोडून खिळ्यावर टाकली, हात मिळवला आणि ते सांगतील ती नावं फाइलमध्ये घालायला बसला. फाइल बंद करायची मात्र राहिली.

आतल्या खोलीत दुफीजवळ अफ्राकोमाआजी बसली होती, गेलेल्याची बायको. तिला लिहिता येत नव्हतं. चिंधी मोकळी दिसली तशी दुफीने ती बांधली, फाइल उघडली. आजी रडत, थांबत बोलली आणि दुफीने तिचा एकही शब्द इकडचा तिकडे न करता टाइप करून सेव्ह केला.

"झालं गं पोरी," आजी डोळे पुसत म्हणाली. "आता परत नको विचारूस. एकदा कसंबसं जमलं, पुन्हा नाही व्हायचं."

तेवढ्यात बाहेर नावं सेव्ह करताना आन्त्वीच्या पडद्यावर प्रश्न आला: फाइल बदलली आहे, तुमचीच ठेवू? त्याने सवयीने 'हो' दाबलं. लगेच दुफीच्या पडद्यावर उमटलं: फाइल बाहेरून बदलली आहे, नवी उघडू?

'हो' म्हटलं तर आजीचं बोलणं पुसलं जाणार. 'नाही' म्हणून वरून सेव्ह केलं तर काकांची नावं जाणार.

येबोआकाका मागे येऊन उभे राहिले होते. "दाब की 'हो'! आमची नावं पक्की झालीत. हिचं काय, दोन ओळी परत सांगेल."

आजीने कापडात तोंड लपवलं.

"काका, जरा दम धरा," दुफी म्हणाली आणि तिने 'नाही' दाबलं. आपला मजकूर दुसऱ्या नावाने सेव्ह केला, आन्त्वीची फाइल शेजारी उघडली आणि ओळ न ओळ ताडून बघू लागली.

"चुकलो ताई. हव्या तर शिव्या घाल," आन्त्वी दारातून म्हणाला.

"शिव्या मागाहून. आधी नावं मोठ्याने वाच."

काका कुरकुरले, छापखान्यातून फोनवर फोन आले, पण बाई जागची हलली नाही. आपण असतो तर? न वाचताच 'हो' दाबून मोकळे झालो असतो, खोटं कशाला बोला!

दोन्हींची मिळून एक फाइल झाली, तेव्हा तिने आजीला तिचं वाचून दाखवलं. "तू गेल्यापासून सुपात मिरची कमी म्हणून कुणी ओरडत नाही. आता ते सूप मला गिळवत नाही."

थोर माणसापुढे काढतात तशा येबोआकाकांनी पायातल्या चपला काढल्या.

"आन्त्वी," ते म्हणाले, "हे पहिल्या पानावर घे. आमची नावं मागे टाक."