बाईच्या नावाचा घास

अमरावतीपासून अकोल्यापरेंत माह्याएवढे रोडगे खानारा मानूस कोन्या पंगतीनं पाह्यला नसन. आता मी वाटीतली पेज चमच्यानं पेतो, थे बी गळ्याले फडकं बांधून, नाही त माह्यापेक्षा शर्टालेच जास्त जेवन भेटते.

शाळा मी पाह्यली, पन बाहेरून. धंदा आटोचा, अमरावतीत. सवारी बसली का माही बडबड सुरू. उतरतानी लोक म्हनत, "भाऊ, भाडं आटोचं घेतलं का गोष्टीचं?" गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा दाबून बोलायचो मी. सवारीले वाटे, किती गोड बोलते मानूस. अर्धी गोडी सुपारीची होती. मंग त्याच गालात गाठ आली. डॉक्टरनं गाल कापला, जबड्याची कड कापली, वरून शेक देल्ले. शेक म्हनजे मशीनखाली लेटवतात, दिसत काहीच नाही, पन आतून मानूस भाजल्या जाते. रोडगा कसा भाजते थे मी जलमभर इस्त्याच्या बाहेरून पाह्यलं होतं, तवा रोडग्याच्या बाजूनं पाह्यलं.

जीव वाचला. पन तोंडातली लाळ आटली थे आटलीच. तोंड उघडते एवढंसं, पोस्टाच्या पेटीतून बी जास्त माल आत जाते. तिखट सोडा, मिठाचं वरन बी झोंबते. अन् बोलनं असं झालं का फक्त बायकोले समजते. घरी कोनी भेटाले आलं का मी बोलतो अन् थे त्यायले सांगते, "ते म्हनून राहिले, बरं हाये." मी एवढी लांबलचक हसन्याची गोष्ट सांगतो, हात हालवतो, डोये फिरवतो, अन् तिच्या तोंडून निंगते "बरं हाये." जलमभर लोकायले हसवलं, अन् शेवटी माह्या साऱ्या गोष्टीचा एकच अर्थ राह्यला.

हे बी सहन झालं असतं. सहन नाही झालं थे रोडग्याचं.

ज्याले माहीत नाही त्याले सांगतो. गव्हाचं जाडंभरडं पीठ मळायचं, तेल लावून त्याच्या घड्या करायच्या, मुठीएवढे गोये करायचे अन् गवऱ्यांच्या इस्त्यात भाजायचे. भाजले का पोत्यात घालून झटकायचे, राख उडवायची. मंग फोडायचे, तूप सोडायचं, अन् सोबत वांग्याची भाजी, वरती लाल तर्री. असं जेवन घरात नाही, वावरात जमते. डॉक्टरनं मले बजावून ठेवलं होतं, "कोरडं, खरबरीत काही खायचं नाही. तुमचा गळा आता आधीसारखा राह्यला नाही. अडकलं त जीव जाईल." अन् मले जगात पाहिजे होता त एकच, रोडग्याचा घास.

भूक लागे तवा नाही, हे इशेष. भूक लागली का मी शहान्या पोरावानी पेज प्यायचो. पोट भरे, ढेकर ये, अन् मंग थे हाव सुरू होये. शेजारी फोडनी पडली का माहं काम झालं. भिंतीले टेकून बसायचो अन् मनातल्या मनात वांगे चिरायचो. एक दिवस बायको बाजारात गेली होती. खलबत्त्यात ठेचा कुटून ठेवला होता. म्या फक्त बोट लावलं, अन् बोट फक्त जिभेले लावलं. बायको आली तवा मी दह्याच्या गंजात तोंड घालून बसलो होतो. तिनं पिशी खाली ठेवली अन् म्हने, "मांजर बी तोंड घातल्यावर मिशा पुसते." माह्या डोयातून पानी चालू होतं. तिखटानं का कशानं, थे तिनं इचारलं नाही, मी बी सांगितलं नाही. सांगितलं असतं त थे म्हनली असती, बरं हाये.

दवाखान्यात खान्यापिन्याचं सांगनारी एक मॅडम होती. बायकोनं माही सारी चुगली तिच्यापाशी केली. मले वाटलं आता रागावते. थे मले म्हने, "काका, भूक पोटाची असते. ही ओढ पोटाची नाही. तोंडाला चव लागत नाही, म्हणून डोकं जुनी चव मागत राहतं. तिच्याशी भांडू नका. फक्त पाहा, ती कधी येते." मंग म्हने, "आली की हात कामाला लावा. थोड्या वेळानं उतरते. आणि ही पेज अशी फिक्की कशाला पिता? थोडं ताक घाला, जिऱ्याची पूड घाला, रोज वेगळं करून पाहा."

मी पाहाले लागलो. कामधंदा त होता नाही, हेच पाहायचं. थे हाव येई मी रिकामा बसलेला असलो का. कोनाचा राग आला का. बायको घरात नसली का त हमखास. अन् आटो इकला त्या रोजी दिवसभर बसून होती छातीवर. मंग मी सांबार निवडाले घेतला. सांबार म्हनजे कोथिंबीर, तुमच्याकडे काय म्हनतात थे म्हना. काडी काडी निवडायचो, लसूनही सोलायचो. घरचा ठेचा बी मीच कुटाले लागलो. नाकानं अर्धं जेवन होते, हे मले आधी माहीतच नव्हतं. गल्लीतल्या बाया म्हनाले लागल्या, "भाऊजीले धाडा आमच्याकडे, लसून पडला हाये सोलाचा." असा मी कामाले लागलो. हाव गेली नाही, पन तिचं येनं-जानं मले कळाले लागलं.

राह्यली एक गोष्ट. बाई.

बाई म्हनजे माही मोठी बहीन, आमच्यात मोठ्या बहिनीले बाईच म्हनतात. माय लवकर गेली. रोडगा तुपात कुस्करून माह्या तोंडात पह्यला घास घातला थो तिनंच. तिचं सासर अकोल्याकडे, बार्शीटाकळीजवय. दर हिवाळ्यात तिच्या वावरात, मारुतीच्या ओट्यापाशी रोडग्याची पंगत राहे. बाई अन् मी आमनेसामने बसायचो. कोन जास्त खाते, हे पाहाले लोक आपलं जेवन थांबवत. पुष्कळदा बाईच जिंके. मी म्हनायचो, "बायकामानसाले जिंकू देल्लं पाहिजे," अन् बाई म्हने, "पोट सुटलं त नाडा ढिला कर, बहाने नको करू."

बीमारीनंतरचे हिवाळे मी गेलोच नाही. तो वास मले सोसनारच नव्हता. बाईचा फोन आला का बायको सांगे, "ते म्हनून राहिले, बरं हाये." बाई मले पाहाले अमरावतीले येई, डोक्यावरून हात फिरवे, घडीभर बसे अन् जाये.

यंदा मले वाटलं, आता जमन. बडनेऱ्याहून आमी दोघं गाडीत बसलो. मूर्तिजापूरले एक मानूस गरम आलूबोंडे घेऊन चढला अन् माह्या समोरच बसला. मी खिडकीकडे तोंड केलं अन् सांबार निवडतो तशी बोटं हालवत बसलो. त्याले वाटलं मी जप करून राहिलो. त्यानं पाय जवय घेतले अन् आलूबोंडा लपवून खाल्ला.

वावरात पोचलो त गवऱ्या पेटल्या होत्या. मी सरय इस्त्यापाशी जाऊन बसलो. रोडगे उलटवायचे, दाबून पाहायचे, हे काम कोनी मले सांगितलं नाही अन् माह्या हातातून कोनी घेतलं बी नाही. वास नाकात भरून घेतला. छातीवर हाव येऊन बसली, मी बसू देल्ली. मनात म्हनलं, मॅडम, पाहा, हात कामाले हाये.

पंगत बसली. मले वाटीत ताकातली पेज. बाईनं साऱ्यायले वाढलं अन् मंग माह्या समोर, आपल्या जुन्या जागेवर येऊन बसली. तिच्या ताटात दहीभात. नुसता दहीभात.

मी इचारलं, "बाई, उपास हाये का?"

बाईले समजलं नाही. तिनं बायकोकडे पाह्यलं. बायको "बरं हाये" बी नाही म्हनली. मी बायकोले कोपर मारलं तवा थे हयू आवाजात मले सांगाले लागली. मी आपरेशनच्या टेबलावर होतो तवा बाईनं ह्याच मारुतीले शब्द देल्ला होता, भावाच्या तोंडात रोडग्याचा घास पडन तवाच मी रोडगा खाईन. तवा कोनाले माहीत होतं? डॉक्टर म्हनून राहिले होते जखम भरते, अन् बाईले वाटलं, जखम भरली का मानूस जेवते. होयी-दिवायी परेंत भाऊ रोडगे खायाले लागन, असा तिचा हिशोब. अन् मी जलमभरासाठी पेजेवर.

"मले काहून नाही सांगितलं?"

"त्यायनी शपथ घातली होती. तुमी रडान म्हने."

मी पाह्यलं बाईकडे. बाई दहीभात कालवून राहिली होती अन् तिचे डोये शेजारच्या ताटात होते. शेजारी कोनीतरी रोडगा फोडला, वाफ निंगली. बाईचा हात थांबला. थे थांबनं मले माहीत होतं. थे मी घरी बसून रोज करतो. भिंतीले टेकून एकटाच वांगे चिरतो असं मी समजत होतो, अन् तिकडे थे बी चिरत होती.

मी शेजारच्या ताटातून रोडग्याचा तुकडा उचलला. बायको म्हने, "अवो, काय करून राहिले?" म्या पेजेच्या वाटीत तूप घातलं, थो तुकडा कुस्करला, बोटानं मऊ केला, जेवढा झाला तेवढा. अन् पोस्टाच्या पेटीत टाकला.

चव लागली का, असं इचारान त नाही लागली. एवढे दिवस ज्याच्यासाठी जीव गेला, थो तोंडात आला त ओल्या मातीवानी. राखेचा वास तेवढा होता, थो बी नाकाचा. गिळाले गेलो अन् गळ्यानं दरवाजा लावून घेतला. श्वास अडकला. बायकोनं पाठीवर गुद्दे मारले, कोनी पानी आनलं, अर्धा घास नाकातून आला अन् अर्धा कसातरी खाली गेला. पंगत उभी राह्यली. रोडग्याच्या पंगतीत लोकायनं माह्यासाठी उभं राहावं, अशी माही इच्छा लहानपनापासून होती. अशी नव्हती.

श्वास आला तवा मी बाईकडे हात केला अन् बोललो. बायकोनं डोये पुसले अन् पह्यल्यांदा माहं सारं बोलनं जसंच्या तसं सांगितलं, "बाई, ते म्हनून राहिले, तुह्यासाठी खाल्लं. घास पडला माह्या तोंडात, मारुतीनं पाह्यलं. आता तू खाय."

 दहीभाताचं ताट बाईनं बाजूले सारलं. रोडग्याचा एक कोपरा तोडला, तूप नाही, भाजी नाही, तसाच तोंडात घातला. लय टाइम चावत राह्यली. तिचे पुढचे दात गेले होते, थे मले तवा दिसलं. मले वाटलं आता थे माह्या डोक्यावर हात ठेवन, काही चांगलं बोलन, लोक आयकून राहिले होते.

तिनं घास गिळला, पदरानं तोंड पुसलं अन् म्हने, "खोटं नको बोलू. तुलेच खायाचं होतं. माह्या नावानं खाल्लं."