खाली बोलणारं मशीन

माझ्या मेव्हण्याइतका रस्ता चुकणारा माणूस आजवर जन्माला आला नाही, आणि येऊही नये. राहतो अंबरनाथला. दर रविवारी आमच्याकडं, बदलापूरला बेलवलीत, जेवायला निघायचा आणि उलट्या दिशेला उल्हासनगरात जाऊन पोचायचा. तिथून आक्काला, म्हणजे माझ्या बायकोला, फोन. ती पोळ्या लाटत विचारायची, "काय दिसतंय?" "म्हैस दिसतीय, आक्का." "म्हैस हलते रे, न हलणारं सांग." असं करत करत त्याला दारात आणायची. मी ओरडायचो, "एवढा बाप्या झालास, गाडी घेतलीसच कशाला?" पण माझं कोण ऐकतंय.

ती गेली. माणसं तेराव्याला जेवली, पान चघळत घरोघर गेली. पोरगा परदेशातनं फोनवर रडला, मग त्याचा फोनही आटला. राहता राहिला हा, तर ह्याचेही रविवार बंद. पोचवणारी गेली ना! आता ह्या दारात कुत्रंही येणार नाही, असं धरून चाललो होतो. एक दिवस रिक्षानं आला. "दाजी, गाडीत लावायचं रस्त्याचं मशीन घ्यायचंय, चला." म्हटलं, वा! बहिणीच्या जागी मशीन! तरी गेलो. घरात बसून भिंतीशी किती भांडणार?

उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या सिंधी दुकानदारानं आतून चार मशिनं काढली. ह्यानं प्रत्येक मशीन कानाशी धरून, कलिंगडासारखं टिचकी मारून बघितलं. दुकानदार वैतागला. "साईं, मोबाइल में भी तो नक्शा आता है."

"मोबाइलवर आक्का असते," हा म्हणाला. असते म्हणाला. मी पंख्याकडं बघत बसलो.

"ये पूछता है क्या, मेरेको क्या दिखता है?" ह्यानं दुकानदाराला विचारलं.

"साईं, ये सुनता नहीं, खाली बोलता है."

"मग नको. असलं एक घरात आहे," म्हणून माझ्याकडं बोट केलं. दुकानदार पोट धरून हसला. चार लोकांत इज्जत काढली माझी, आणि रिकाम्या हातानं परत आलो. मशीन नाही म्हणजे हा आता कायमचा गेला, एवढं मला कळलं.

गेल्या रविवारी तिचा मोबाइल वाजला. मी तो रोज चार्जिंगला लावतो. कशाला, ते विचारू नका.

"दाजी, हरवलो."

तोंडात शिवी आली होती. शेगडीवर भाजी करपत होती. गॅस बंद केला आणि म्हटलं, "काय दिसतंय?"

पलीकडं गाड्यांचे हॉर्न. मग नाक ओढल्याचा आवाज.

"म्हैस, दाजी."