मावशीनं वाटलेलं नाव

आमच्या प्रसूती वॉर्डातल्या आया मावशीचा मला सुरुवातीला फार राग यायचा. कुणालाही मुलगी झाली की तिचं एकच पालुपद, "रुंजी ठेवा हो. गोड आहे, आणि कुणाचंच नाही." मी तिथली परिचारिका. मला वाटायचं, बाईला दुसरं काही सुचत नाही, पण भाव खायची हौस दांडगी.

नाव न ठरलेल्या मुलींना आम्ही पाळण्याच्या नंबरानं ओळखायचो. सहा नंबर रडतेय, नऊ नंबरला ताप आहे. मावशीला ते खपायचं नाही. लंगोट बदलताना, अंग पुसताना ती प्रत्येकीला रुंजी म्हणूनच हाक मारायची. घरी जाईपर्यंत ते नाव बाळंतिणींच्याही तोंडी बसलेलं असायचं. हळूहळू शेजारच्या शाळेत एकेका वर्गात चार-चार रुंज्या झाल्या. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं तर लेकीचं नाव दुकानाच्या पाटीवर चढवलं. नाव आलं कुठून, हे कुणीही विचारलं नाही.

एकदा चादरींच्या घड्या घालताना तिनं मला सांगितलं, माझ्याकडे न बघता. तिला पहिली मुलगी झाली होती. पोटात दिवसभर काहीतरी रुंजी घालतंय असं वाटायचं, म्हणून तिनं आधीच नाव ठरवलं होतं. नवऱ्यानं नाक मुरडलं, सासू म्हणाली, "असलं कसलं नाव!" घरात हा घोळ चालू असतानाच नवव्या दिवशी पोर गेली. पुढे झालेल्या मुलाला आपल्याला बहीण होती हे कुणी सांगितलंच नाही. त्या दिवसापासून माझा राग मेला.

मग त्याच मुलाला मुलगी झाली, आमच्याच वॉर्डात. मावशी नवं लुगडं नेसून आली. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाकडे काही मागत होती.

"हिचं नाव रुंजी ठेवा."

सून वाईट नव्हती, दमलेली होती. "अहो आई, किती कॉमन झालंय ते! आमच्या जिन्यावरच तीन आहेत. मला काहीतरी वेगळं हवंय."

मुलगा हसत म्हणाला, "आणि आई, येणाऱ्या-जाणाऱ्याला तू तेच वाटत आलीस. घरच्या पोरीलाही तेच उष्टं नाव?"

माझ्या हातात थर्मामीटर होता. वाटलं, तो टाकावा आणि याच्या थोबाडीत द्यावी. मावशीला दंडाला धरून मी बाहेर आणलं.

"सांग त्याला. आत्ताच्या आत्ता सांग."

"काय सांगू?" ती भिंतीला टेकली. "तिला कुणीतरी हाक मारावी, एवढंच वाटायचं गं. आता रस्त्यानं जाताना कुणी रुंजी म्हणून ओरडलं, तर मला दुसऱ्यांच्याच पोरी दिसतात. माझी दिसतच नाही."