शाल कुणाला घालायची

"शाल कुणाला घालायची, तेवढं नाव सांगा," शेठ म्हणाले. "उद्या काटापूजन. आधी उत्तमला श्रद्धांजली, मग ज्यानं त्याला बाहेर काढलं त्याचा सत्कार. गेल्या हंगामात अपघात झाला त्या दिवशी मी गावात नव्हतो. तुम्ही सुपरवायझर, तुम्हाला माहीत."

नाव ओठावर होतं. दत्ता, हमालांचा मुकादम, वालूरचा.

मी म्हणालो, "एकट्याचं कशाला, शेठ? सगळेच धावले. सामूहिक सत्कार ठेवू."

"वा! मन मोठं आहे तुमचं."

मोठं कसलं! जळत होतो मी. अपघातानंतर मानवत गावात हॉटेलवाला दत्ताकडून चहाचे पैसे घेईना. माझी बायको जेवायला वाढता वाढता म्हणायची, "दत्ता म्हणजे माणूस." मी खाली मान घालून जेवायचो.

आमचं जिनिंग. कापसातून रुई काढली की जे बी उरतं ती सरकी. गोदामात तिचा डोंगर होतो. तळाशी स्क्रू कन्व्हेयर म्हणजे फिरता मळसूत्री दांडा असतो, तो सरकी बाहेर ओढतो. कधी कधी वरची सरकी घट्ट बसते आणि आतून ढीग पोकळ होतो. माणूस वर चढला की आत जातो. विहिरीत पडल्यासारखा. म्हणून मशीन बंद केल्याशिवाय ढिगावर चढायचं नाही.

त्या दिवशी हमाल उत्तमनं ढिगावर चढताना विचारलं होतं, "साहेब, बंद करता का?" बाहेर गाड्या खोळंबलेल्या. मी म्हणालो, "चालू राहू दे, दोन मिनिटांचं काम आहे." चौकशीत हे मी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

उत्तम आत गेला, ओरडा झाला तसा मी स्विचकडे पळालो, मशीन बंद केलं आणि तिथंच उभा राहिलो. दत्ता कमरेला दोर बांधून आत उतरला. त्यानं उत्तमला वर आणला तेव्हा थोडा श्वास होता. अँब्युलन्स यायच्या आत तो दत्ताच्या मांडीवर गेला.

काटापूजनाला दरवर्षी वजनकाट्याला हळदकुंकू लागतं आणि पहिली गाडी आणणाऱ्या शेतकऱ्याला फेटा बांधतात. यंदा फेट्याआधी शालींचा गठ्ठा सुटला. एक हमाल स्टेजवरून उतरता उतरता म्हणाला, "मी तर त्या दिशी सासुरवाडीला व्हतो. मलाबी शाल!" लोक हसले. दत्ता मागं, हमालांच्या रांगेत होता. त्यालाही एक मिळाली.

उत्तमची बायको बोरीहून आली होती. कार्यक्रम संपल्यावर थेट माझ्याकडं आली. "भाऊ, तुमी मोठे हाव इथं. ह्यांना कुणी काढलं?"

"आम्ही सगळ्यांनी."

"मग शेवटी काय म्हनले ते? येवढंच सांगा. वर्षभर इचारायलेय, कुनीच सांगत न्हाई."

सगळ्यांचा सत्कार करता येतो. याचं उत्तर सगळ्यांकडं नसतं.

"मला माहीत नाही, बाई. दत्तानं काढलं. एकट्यानं."

दत्ताला हाक मारली. तिनं तेच विचारलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "तुमचं नाव घेतलं, वहिनी. लेकरायला सांभाळ म्हनले." ती खाली बसली आणि पोटभर रडली. दत्ता शेजारी बसून राहिला. त्याही वेळी मला त्याचा हेवा वाटला, कारण त्याला तिथं बसता येत होतं.

ती गेल्यावर मी विचारलं, "खरंच असं म्हणाला?"

"न्हाई." दत्तानं शालीची घडी घातली. "मशीन बंद करा, मशीन बंद करा, येवढंच म्हनत व्हता. तवा मशीन बंदच व्हतं, साहेब."

"तू कुणाला बोलला नाहीस?"

"तुमी बोलताल म्हनलं."

मी तसाच शेठच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. चौकशी पुन्हा उघडली, ती अजून चालू आहे. सुपरवायझरी गेली. आता मी काट्यावर वजनं घेतो.

पद सोडताना एक नियम मात्र लावून घेतला. ढिगावर चढणाऱ्यानं मशीनचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा, मगच चढायचं. कुणाच्या शब्दावर चढायचं नाही, माझ्या तर नाहीच. नियम माझा आहे. जिनिंगमध्ये सगळे त्याला दत्ताचा नियम म्हणतात, आणि मला ते अजून खुपतं.