पाचवं बोट

सडक अर्जुनीजवळच्या आपल्या गावात आचल कापगते हुशार चित्रकार म्हणून ओळखली जायची. लग्नघराच्या भिंतीवर नवरा-नवरीची नावं आणि दोन मोर काढायचे असले की बोलावणं तिलाच. कॅलेंडरवरचा गणपती ती जसाच्या तसा उतरवायची. त्यामुळे बारावीनंतर तिनं गोंदियाला विद्यापीठाच्या चित्रकलेच्या पदवीला नाव घातलं, तेव्हा घरात कोणी नको म्हटलं नाही. वडील टिकाराम स्वतः येऊन शहराला लागून असलेल्या फुलचूरला खोली पाहून गेले. जाताना एवढंच म्हणाले, "राहशील ना एकटी?" ती हो म्हणाली. तिला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

पहिलं वर्ष पायाभूत रेखाटनाचं. भुपेंद्र सरांनी टेबलावर उपडी बादली, एक वीट आणि चहाची किटली मांडली आणि सगळ्यांचे खोडरबर गोळा करून घेतले. आचलचं चित्र दहा मिनिटांत झालं. स्वच्छ, गोंडस किटली. सरांनी वाकून पाहिलं. "ही तुझ्या डोक्यातली किटली आहे," ते म्हणाले. "टेबलावरची कुठंय?"

टेबलावरच्या किटलीला पोचा आला होता. झाकणही तिरपं बसलेलं होतं. आचलच्या किटलीत यातलं काहीच नव्हतं.

पुढचे तीन आठवडे नुसत्या रेषा, खोके आणि मडकी. गावात जे तिला यायचं, त्याचं इथं काहीच काम नव्हतं. वर्गात एकवीस जण. बहुतेक गोंदिया शहरातले, हिंदीत बोलणारे, एकमेकांना आधीपासून ओळखणारे. तिच्याशी कोणी वाईट वागत नव्हतं. पण त्यांची चेष्टामस्करी इतकी भराभर चालायची, की तिला हसू येईपर्यंत विषय बदललेला असायचा. हळूहळू ती डबा मागच्या पायऱ्यांवर बसून खाऊ लागली. संध्याकाळी आई मंदाबाई फोनवर विचारायची, जेवलीस का, आज काय काढलं. रेषा काढल्या, असं ती सांगायची. त्यावर पुढं काय विचारावं हे आईला सुचत नसे, आणि फोन ठेवला जाई.

ऑक्टोबरात सरांनी सांगितलं, बाहेर पडा आणि आठवड्याला पन्नास जिवंत माणसं काढा. मुलं जोड्या करून बाजारात गेली. आचल एकटीच रेल्वे स्टेशनकडे गेली. तिथली माणसं हातात पिशव्या घेऊन सारखी चालती. नाक काढेपर्यंत माणूस जिना चढून दिसेनासा व्हायचा. एकाच जागी बसलेली एकच बाई होती, पुलाच्या जिन्याखाली उकडलेले शिंगाडे विकणारी. आचल समोरच्या भिंतीला टेकून तिलाच काढू लागली. न विचारता, आठ दिवस.

नवव्या दिवशी बाईनं हात केला. "ये वो पोरी. आठ दिवस झाले पाहून राहिली. दाखव मले."

आचलनं वही पुढं केली. बाईनं, तिचं नाव अनुसयाबाई, एकेक पान सावकाश उलटलं.

"लुगडं माझं हाय. टोपली माझीच हाय," ती म्हणाली. "हा हात कोनाचा?"

तिनं आपला उजवा हात पोत्यावर पसरला. करंगळी मुळापासून नव्हती. तरुणपणी मळणीयंत्रात गेलेली.

"चारच हायेत माये. पाचवं कोठून आनलं तू?"

आचलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. याच हातानं ही बाई दिवसभर शिंगाडे मोजून देत होती. वहीत तिची पस्तीसेक चित्रं होती, आणि ज्यात ज्यात हात दिसत होता, त्यात बोटं पाच होती. आपण आठ दिवस हिच्याकडे पाहिलंच नाही, हे तिला तिथं उभ्या उभ्या कळलं.

ती शेजारी विटेवर बसली. अनुसयाबाईनं उजवा हात गुडघ्यावर ठेवला आणि डाव्या हातानं गिऱ्हाईक सांभाळलं. तासभर आचल तो एक हात काढत होती. पुढची रेषा कुठं वळणार हे तिला आधी ठाऊक नसायचं. दर वेळी मान वर करून पाहावंच लागायचं. मधेच तिनं विचारलं, दुखतं का.

"थंडीत दुखते," अनुसयाबाई म्हणाली. "जे बोट नाही ना, तेच दुखते."

निघताना आचल म्हणाली, यातलं हवं ते ठेवा. अनुसयाबाईनं मागची पानं उलटून पाच बोटांचं एक चित्र निवडलं. "चार तं रोजच दिसतात," ती म्हणाली, आणि कागदाची घडी करून कमरेच्या बटव्यात ठेवली.

शनिवारी वर्गात कागद मांडले गेले. रिंकू नावाची मुलगी हसून म्हणाली, एक उँगली तो भूल ही गई. सरांनी आचलकडे पाहिलं.

"नाहीच आहे सर. मळणीत गेली."

सरांनी तो कागद जरा जास्त वेळ हातात धरला, कोपऱ्यात तारीख आणि सही केली, आणि ते पुढच्या मुलाकडे वळले. हात कोणाचा, हे कोणी विचारलं नाही. आचलनं सगळी हकीकत रात्रभर हिंदीत जुळवून ठेवली होती. ती तिच्यापाशीच राहिली.

दिवाळीला ती गावी गेली. आई अंगणात तांदूळ निवडत होती. आचल वही घेऊन समोर बसली. आईचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली उतरला होता. हे तिला पहिल्यांदाच दिसत होतं. मंदाबाईचे हात हळूहळू थांबले.

"काऊन पाहून राहिली अशी?"

"तुले काढून राहिली."

मंदाबाईनं पदर सारखा केला, सूप उचललं. "मले कायले काढतं? गाय काढ," ती म्हणाली आणि आत गेली. वहीत एक खांदा आणि अर्धा गाल तेवढा उतरला होता.

आचल पहिलं वर्ष पास झाली. सहा जण सोडून गेले, पंधरा उरले. दुसऱ्या वर्षाला चेहरे काढायला शिकवतात. जोडी करायची आणि एकमेकांसमोर बसायचं. पंधरांत एक उरतो. बहुतेकदा तो आचलच. मग सर तिला भिंतीवरचा आरसा उतरवून देतात. ती तो समोरच्या खुर्चीवर टेकवते, आणि तास संपेपर्यंत त्यातली मुलगी उठून जात नाही.