मिसचं महिन्याचं पत्र

जुईनगरच्या आमच्या चर्चमध्ये दर शनिवारी इंग्रजीचा वर्ग भरतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर तो मीच सुरू केला. पण परदेशातून स्वयंसेविका येणार म्हटल्यावर पाळकसाहेबांनी टेबल, खुर्ची, पंखा सगळं तिच्याकडे वळवलं आणि मला तिची दुभाषी करून टाकलं. छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईला!

पोरगी बावीस-तेवीस वर्षांची. मुलं तिला मिस म्हणत, मला टीचर. प्रभूनं बोलावलं म्हणून आले, असं सांगायची. बोलावलं असेल, पण शिकवायचं कसं ते सांगायचं त्याच्याकडून राहून गेलं असावं. गिटार काढायची, फळांची गाणी म्हणायची, टाळ्या वाजवायला लावायची, झाला तास. समोर सातवीतली मुलं! सफरचंदाला इंग्रजीत काय म्हणतात हे त्यांना बालवाडीपासून ठाऊक. ती निघून गेली की मी त्यांना धडे वाचायला बसवायची. आल्या आल्या तिनं मला विचारलं होतं, "तुम्हाला प्रभू कधी भेटला?" अगं बाई, माझ्या पणज्यानं नगरला बाप्तिस्मा घेतला तेव्हा तुझी आजीसुद्धा जन्मली नव्हती. हे अर्थात मनात. तोंडानं मी "लहानपणीच" म्हणाले.

दर महिन्याला तिला मायदेशीच्या मंडळीला एक पत्र पाठवावं लागे. त्यात एका मुलाची गोष्ट आणि एक फोटो. गोष्ट जितकी करुण, तितकी तिकडची प्रार्थना जोरात. त्या महिन्यात तिनं जवळच्या पावणे गावातली एक मुलगी निवडली. वर्गात सगळ्यात छान वाचणारी. आई आमच्या बाजारात मासळी विकते, बापाची खाडीत स्वतःची होडी, थोरली बहीण बीएस्सी होऊन तिथल्याच कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला. हे सगळं मी पाहुणीला सांगितलं. तिनं मान डोलावली, पण वहीत काही उतरवलं नाही.

फोटोसाठी आम्ही त्यांच्या घरी गेलो. दुमजली घर, दारात फरशी धुतलेली, आणि आई गळाभर सोनं घालून उभी. पाहुण्या येणार म्हणून मुद्दाम घातलेलं. पाहुणीचं तोंड पडलं. मला हळूच म्हणाली, "हे दागिने काढायला सांगता का? फोटो साधा यायला हवा."

माझ्या स्वतःच्या गळ्यात मंगळसूत्र आहे, खाली क्रूस ओवलेलं. ते मी ऑपरेशनच्या वेळीसुद्धा काढू देत नव्हते. तरी मी त्या बाईला म्हणाले, "ताई, फोटोत फार चमकतं. जरा काढून ठेवता का?"

ती आधी हसली. मग हसायची थांबली. "काय बोलता टीचर? घरवाला होडी घेऊन खारीन गेलाय माजा. तो पान्यावर हाय न मी गला मोकला करू?"

"काय म्हणतेय ती?" पाहुणीनं विचारलं.

खरं ते सांगायला दोन मिनिटं पुरली असती. पण ऊन डोक्यावर आलं होतं, मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी तुसडी होते. मी म्हणाले, "जाऊ दे. इकडचं असंच. पुरुष दारू पितात आणि बायका सोन्याला कवटाळून बसतात."

हे मात्र तिनं वहीत उतरवलं.

फोटो तिनं मुलीचा एकटीचाच काढला, घर सोडून पलीकडच्या पडक्या भिंतीपाशी. पत्र लिहून झाल्यावर मला वाचायला दिलं. बाप दारूत बुडालेला, घरात पुस्तक नाही, पोर अंधारात चाचपडतेय. वाचून मला पाहुणीची कीव आली, आणि हसूही. तिकडे कोण ओळखतंय यांना, म्हणून मी "छान आहे" म्हणाले.

पुढच्या शनिवारी तिनं तेच पत्र, फोटोसकट, वर्गाच्या सूचनाफलकावर लावलं. कौतुक म्हणून! ज्यांना आपण वाचायला शिकवतोय त्यांना वाचता येईल, एवढंही त्या मूर्ख पोरीच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

तास सुटल्यावर मुलगी फलकापाशी उभी राहून मोठ्यानं वाचू लागली. न अडखळता वाचत होती. मी पाठीमागे उभी होते आणि मला, खरं सांगते, अभिमान वाटत होता. मधेच ती थांबली. तीच ओळ तिनं पुन्हा वाचली, या वेळी मनातल्या मनात.

"टीचर, माजा बाबा दारू पितो, असं लिवलंय हितं."

"मिसचा काहीतरी गैरसमज झालाय."

"तो थेंब पन घेत नाय. मिसला कोनी सांगितलं?"

"मला काय माहीत?"

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. आवाज चढवला नाही की रडली नाही.

"मिसला तर मराठी येत नाय," ती म्हणाली.